कॉर्पोरेट हॉस्पिटलमधली फिजिशियनची नोकरी: ५ पैकी ३ स्टार, त्यातले अडीच पेशंटमुळे

आयटीवाले कंपनी सोडली की लगेच रिव्ह्यू टाकतात, मॅनेजर कसा, अप्रेझल कधी, कॅन्टीनमध्ये पोहे कसे मिळतात, सगळं. हॉस्पिटलचे रिव्ह्यू मात्र फक्त पेशंट आणि नातेवाईक टाकतात आणि त्यात डॉक्टर एक तर देव असतो नाहीतर लुटारू, मधलं काही नाही. आत काम करणाऱ्यांना ती जागा कशी वाटते हे कोणी लिहीतच नाही. म्हणून हा रिव्ह्यू, पुण्यातल्या एका मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलमधल्या फुल टाइम फिजिशियनच्या नोकरीचा. हॉस्पिटलचं नाव देत नाहीये कारण अजून तिथेच आहे, आणि खरं सांगायचं तर नाव बदललं तरी मजकूर फारसा बदलणार नाही, मुंबई नाशिक नागपूरच्या बॅचमेट्सशी बोलणं होतं त्यावरून सांगते.

फिजिशियन म्हणजे एमडी मेडिसिन, सर्जन नव्हे. ताप, शुगर, बीपी, न्यूमोनिया, डेंगी, कोणी रागाच्या भरात शेतातलं औषध पिऊन आलेला, शिवाय ज्याला काय झालंय ते कुठल्याच डिपार्टमेंटला कळत नाहीये असा प्रत्येक पेशंट शेवटी आमच्या नावावर. ऑपरेशन नाही म्हणून पॅकेज नाही, पॅकेज नाही म्हणून हॉस्पिटलच्या हिशेबात आमचा भाव जरा कमीच. ऑर्थोच्या सरांना मीटिंगमध्ये चहाबरोबर सँडविच येतं, आम्हाला नुसता चहा. (अतिशयोक्ती आहे. थोडीशीच.)

पैशाचं आधी उरकून टाकते कारण सगळ्यांना तेच विचारायचं असतं. सुरुवातीला एमजी देतात, म्हणजे मिनिमम गॅरंटी, महिन्याला ठरलेली रक्कम, पेशंट येवोत न येवोत. साधारण वर्षभराने ती काढून घेतात आणि मग फी फॉर सर्व्हिस, जेवढे पेशंट बघाल तेवढे पैसे. ऑफर लेटरमध्ये तुम्ही ‘कन्सल्टंट’ असता, एम्प्लॉयी नाही. १० टक्के टीडीएस कापून प्रोफेशनल फी येते, पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, पगारी रजा नाही, आजारी पडलात तर तो तुमचा प्रश्न. पण बायोमेट्रिक पंच आहे हां, सकाळी ९ च्या आत बोट लावायचं. रविवारी राउंड घ्यायला यायचं, बाहेर कुठे प्रॅक्टिस करायची नाही, सुट्टीवर जायचं तर आधी कव्हर शोधून अर्ज द्यायचा. बंधनं सगळी नोकराची आणि हक्क सगळे फ्रीलान्सरचे, अशी ती मजा आहे. इन्डेम्निटी इन्शुरन्सचा, म्हणजे पेशंटने केस केली तर कामी येणाऱ्या विम्याचा, प्रीमियमही आपणच भरायचा. रक्कम म्हणाल तर वाईट नाही, सरकारी लेक्चररपेक्षा बरीच जास्त, आणि माझी तक्रार पैशाबद्दल नाहीच्चे. बाहेरच्यांना वाटतं डॉक्टर नाराज म्हणजे पैशासाठी नाराज. मी तरी एकाही फिजिशियनला पगारावरून रडताना पाहिलं नाहीये, कुरकुर करतात, पण रडतात ते दुसऱ्याच गोष्टींवरून.

ती दुसरी गोष्ट म्हणजे सही आमची आणि किल्ल्या दुसऱ्यांच्या. इंडोअर पेपरवर नाव माझं, बेडच्या डोक्यावरच्या पाटीवर नाव माझं, बिलावर ‘अंडर केअर ऑफ’ मध्ये नाव माझं, उद्या कन्झ्युमर कोर्टात केस झाली तर नोटीसही माझ्या नावाने. १९९५ ला सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात बसवली तेव्हापासून ते आहेच, आणि आता नव्या भारतीय न्याय संहितेत कलम १०६ खाली निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर डॉक्टरला २ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ठीक आहे, जबाबदारी घ्यायलाच एवढी वर्षं शिकलो. पण त्या पेशंटला बेड कुठला मिळणार, आयसीयूत रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असणार, मी लिहिलेलं अँटिबायोटिक फार्मसीत आहे का दुसराच ब्रँड येणार, डिपॉझिट किती मागणार, डिस्चार्ज कधी होणार, यातलं एकही माझ्या हातात नाही. आणि नातेवाईक हे सगळं मलाच विचारणार, कारण दिसते मी.

डिस्चार्जचंच घ्या. सकाळी साडेनऊच्या राउंडला मी काकांना सांगते, काका ताप नाही, ऑक्सिजन नाही, जेवताय छान, आज घरी जा. काकांचा चेहरा फुलतो, काकू लगेच डबे भरायला घेतात, मुलगा ऑफिसातून हाफ डे टाकून निघतो. त्यानंतर जे चालू होतं ते बाहेरच्या माणसाला कधी कळतच नाही. आरएमओ, म्हणजे वॉर्डातला ड्युटी डॉक्टर, डिस्चार्ज समरी टाइप करणार, पण त्याच्याकडे आणखी १५ पेशंट आहेत आणि मध्येच एक कोड ब्लू झाला, म्हणजे कोणाचं हृदय बंद पडलं, की समरी अर्धवट. मग सिस्टर उरलेली औषधं फार्मसीला परत पाठवणार, ती क्रेडिट झाल्याशिवाय बिल फायनल होत नाही. मग लॅबचे पेंडिंग रिपोर्ट, मग फिजिओच्या कोणीतरी व्हिजिट एन्ट्री केलेली नाही म्हणून फाइल परत वॉर्डात, मग बिलिंग, मग टीपीए डेस्क (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारे), मग इन्शुरन्स कंपनीची क्वेरी: पेशंटला बीपी नक्की किती वर्षांपासून आहे, ट्रीटिंग डॉक्टरचं सही शिक्क्यासकट पत्र द्या. म्हणजे मी ओपीडी सोडून पत्र लिहिणार. विमा क्षेत्राची नियामक असलेल्या आयआरडीएने मे २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलंय, कॅशलेसची पहिली मंजुरी १ तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत, उशीर झाला आणि त्यापायी हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे. छान नियम आहे. पण ते ३ तास मोजायला लागतात ते हॉस्पिटलने रिक्वेस्ट पाठवल्यापासून, आणि आमची रिक्वेस्टच जाते दुपारी ३ ला. संध्याकाळी ७ वाजता मी परत राउंडला आले की काका शर्टपँट घालून बेडच्या कडेला बसलेले, सलाइनची सुई काढल्यावर लावलेला कापूस अजून हातावर चिकटवलेला, आणि मुलगा मला म्हणतो, मॅडम तुम्ही तर सकाळीच सोडलं होतं ना, मुद्दाम एक दिवस वाढवताय का?

या माणसाला काय सांगणार. त्याचा राग रास्तच आहे, फक्त पत्ता चुकलाय. आणि खरा पत्ता सांगायची सोय नाही, कारण ‘नातेवाईकांसमोर हॉस्पिटलच्या प्रोसेसबद्दल नकारात्मक बोलू नये’ असं इंडक्शनमध्ये सांगतात, आमच्याकडे तर पीपीटीत स्लाइडच होती.

आता अडीच स्टार कशाचे ते सांगते, नाहीतर वाटेल ही बाई मग राहिलीये कशाला.

मागच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. भोरकडचे एक शेतकरी, पन्नाशीचे, दहाबारा दिवस ताप, तिकडे सलाइनं झाली, दोन दवाखाने झाले, टायफॉइड म्हणून झालं, मलेरिया म्हणून झालं, आमच्याकडे आले तेव्हा प्लेटलेट कमी, लिव्हर किंचित बिघडलेलं, श्वास वाढलेला. फाइल एवढी जाड, डेंगी निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह, कल्चर निगेटिव्ह, एका ठिकाणी तर सीटी स्कॅनही झालेला. मी म्हटलं सगळे कपडे काढून नीट बघू. लाजत होते, ब्रदरला पडदा ओढायला सांगितला. काखेत, अगदी आत घडीत, एक काळी खपली, सिगरेटचा चटका बसावा तशी, भोवती लाल कडा, दुखत नाही खाजत नाही म्हणून त्यांनाही माहीत नव्हती. स्क्रब टायफस. गवतातल्या बारीक गोचिडीसारख्या किड्याच्या पिल्लांमुळे होतो, भातकापणीच्या आसपास सह्याद्रीच्या पट्ट्यात, विदर्भात, दिसतो, डोक्यात असेल तरच सापडतो. डॉक्सिसायक्लिन चालू केलं, कॅप्सूलच्या पट्टीची किंमत बाहेर दोन वडापाव आणि चहा होईल एवढी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला तो उतरलाच. स्क्रब टायफसची रक्ततपासणी (आयजीएम) नंतर पॉझिटिव्ह आली, तोवर काका कॅन्टीनची भजी मागत होते. जाताना त्यांच्या मिसेसनी घरच्या इंद्रायणी तांदळाची पिशवी आणून दिली, नको म्हटलं तर म्हणाल्या, मॅडम, घ्या, आमचंय, विकतचं नाही.

हे जे आहे ना, पडदा ओढायचा, बोटांनी चाचपायचं, काहीतरी सापडायचं आणि माणूस उठून चालायला लागायचा, यासाठी मी ही नोकरी करते. दुसरं काही कारण नाही. मेडिसिनवाल्या कोणालाही विचारा, त्याच्याकडे अशा चारपाच गोष्टी असतात आणि तो त्या दहा वर्षं पुरवून खातो.

आणि त्याच महिन्याच्या बिझनेस रिव्ह्यू मीटिंगमध्ये (हो, डॉक्टरांची दर महिन्याला बिझनेस रिव्ह्यू मीटिंग असते, ज्यांना धक्का बसला त्यांनी पाणी प्या) एमबीए झालेला एक गोड मुलगा स्क्रीनवर रंगीत बार दाखवत होता. त्यातला सगळ्यात लाडका आकडा एआरपीओबी, सगळे आरपॉब म्हणतात, म्हणजे भरलेल्या एका बेडमागे दिवसाला सरासरी कमाई किती. दुसरा आकडा, ओपीडीतून आयपीडीत किती कन्व्हर्जन, म्हणजे बाहेरून दाखवायला आलेल्यांतले किती ॲडमिट केले. मेडिसिनचा बार नेहमीप्रमाणे बुटका. मॅडम तुमचे पेशंट राहतात खूप दिवस पण इन्व्हेस्टिगेशन्स कमी होतायत, असं तो अगदी नम्रपणे म्हणाला. माझ्या भोरच्या काकांनी त्या बारात खड्डा पाडला होता. जिथे मी सगळ्यात चांगलं काम केलं तिथेच हॉस्पिटलच्या चार्टवर मी लाल. कोणी मला ‘जास्त टेस्ट लिहा’ असं थेट कधीच सांगितलेलं नाही, ते मान्य, तेवढं खरं लिहायला हवं. सांगायची गरजच नसते, दर महिन्याला तुमचं नाव खालून तिसरं दाखवत राहिलं की काम होतं. नवीन जॉइन झालेली मुलं दोनतीन मीटिंगनंतर आपसूक इन्फेक्शनच्या साध्या सीआरपी टेस्टबरोबर महागडी प्रोकॅल्सिटोनिनही लिहायला लागतात, मी पाहिलंय.

रात्रीचे फोन हा वेगळा विषय. ऑन कॉल म्हणजे घरी झोपायचं पण फोन छातीवर ठेवून. ऑगस्ट ते ऑक्टोबर डेंगीचा सीझन, तेव्हा रात्री दोनला फोन आला की न बघता सांगते काय असेल. मॅडम, बेड नंबर १२, प्लेटलेट ४२ हजार, नातेवाईक प्लेटलेट लावा म्हणून गोंधळ घालतायत. रक्तस्राव नाही, बीपी नीट, लघवी होतेय, तर ४२ हजाराला प्लेटलेट लावायच्याच नसतात. रक्तस्राव नसेल तर १० हजाराच्या खाली जाईपर्यंत थांबा असं आपल्या राष्ट्रीय गाइडलाइनमध्येच आहे, आणि खरा धोका प्लेटलेटचा नसतो, रक्त घट्ट होण्याचा असतो, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) बघायचं असतं, बीपी बघायचं असतं. हे सगळं मी रात्री दोनला स्पीकरवर सातआठ नातेवाईकांना समजावते, पलीकडून कोणीतरी काका विचारतात, पण मॅडम आमच्या साडूला तर ६० हजारालाच लावल्या होत्या, पपईच्या पानांचा रस चालेल का, किवी देऊ का. मी म्हणते रस नका देऊ, उलटी होईल, किवी द्या, किवीने निदान काही वाईट होत नाही. मग तासभर झोप लागत नाही कारण डोक्यात शंका, खरंच बीपी नीट आहे ना, आरएमओने हाताने बघितलंय का मॉनिटरवरचा आकडा सांगितला. आरएमओ बऱ्याच ठिकाणी बीएएमएस बीएचएमएस असतात, काहीजण अफलातून असतात, माझ्या आयसीयूतला एक आरएमओ कोणत्याही एमडीच्या तोडीने पेशंटचा आजार ओळखतो, पण त्याला जो पगार मिळतो तो ऐकून मला लाज वाटते. असे लोक दीडदोन वर्षांत सोडून जातात. सिस्टर्सचंही तेच, इथे अनुभव घेतात, परीक्षा देतात आणि गल्फला नाहीतर आयर्लंडला जातात, आणि पुन्हा नवीन बॅच, पुन्हा पहिल्यापासून शिकवा. डॉक्टरांच्या जॉब सॅटिस्फॅक्शनबद्दल बोलताना ही गोष्ट कोणी धरतच नाही. रात्रीची आयसीयू सिस्टर अनुभवी असेल तर मी झोपते, नसेल तर नाही, इतकं साधं गणित आहे, आणि तिचा पगार वाढवायचा निर्णय अर्थातच माझ्या हातात नाही.

सुरक्षितता. लिफ्टशेजारी लाल अक्षरात बोर्ड आहे, महाराष्ट्राचा २०१० चा कायदा, डॉक्टर वा हॉस्पिटलवर हल्ला केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, नुकसानीच्या दुप्पट भरपाई. बोर्ड छान चकचकीत आहे. या कायद्यानंतरही मार्च २०१७ ला धुळ्यात ऑर्थोच्या रेसिडेंटला जमावाने इतकं मारलं की डोळ्याला गंभीर इजा झाली, तेव्हा राज्यभरातले रेसिडेंट रजेवर गेले होते. ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलमध्ये ड्युटीवरच्या महिला डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर सुप्रीम कोर्टाने राष्ट्रीय टास्क फोर्स नेमला, आमच्याकडेही सहाआठ नवीन कॅमेरे लागले, महिला डॉक्टरांच्या ड्युटी रूमला आतून कडी बसली. म्हणजे त्याआधी ती कडी नव्हती, हे मला बसवल्यावर लक्षात आलं. कॉर्पोरेटमध्ये मारहाण सरकारीपेक्षा कमी होते हे नक्की, बाउन्सर असतात. पण इथे भांडणाचं मूळ बहुतेक वेळा बिल असतं. पेशंट गेला, बिल लाखांत, आणि ते सांगायला मार्केटिंग नाही, बिलिंग नाही, ॲडमिन साडेसहाला घरी गेलेलं, उरते मी आणि ती सिस्टर. मृत्यूची बातमी सांगणं आम्हाला येतं, त्याचं शिक्षण असतं, माणसाजवळ बसायचं, हात धरायचा, गप्प राहायचं. पण त्याच वाक्याला जोडून ‘काउंटरवर जाऊन या’ कोण म्हणणार? मी म्हणत नाही. मी स्पष्ट सांगितलंय की पैशाचा विषय माझ्या तोंडून निघणार नाही, तुमचा माणूस २४ तास ठेवा. ठेवला. रात्री तो झोपलेला असतो, पण ठेवला.

बाई असल्याचा वेगळा टॅक्स आहे. पांढरा कोट, गळ्यात स्टेथो, दहा मिनिटं तपासलं, सगळं समजावलं, आणि आजोबा विचारतात, सिस्टर, मोठे डॉक्टर कधी येणार? आता हसायला येतं, पहिली काही वर्षं येत नव्हतं. पण खरा फटका बाळंतपणात. कायद्याने २०१७ पासून प्रसूतीला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघरही हवं, पण आम्ही पडलो कन्सल्टंट, एम्प्लॉयी थोडीच. माझी एक ज्युनिअर डिलिव्हरीनंतर तिसऱ्या महिन्यात परत आली कारण एमजी बंद होती आणि ओपीडीचे पेशंट दुसऱ्यांकडे वळत होते. दुपारी दूध काढायला ती सोनोग्राफीच्या रिकाम्या रूममध्ये जायची, बाहेर ‘मशीन बंद आहे’ असा कागद लावून. जिथे बायका डिलिव्हरीला येतात, ज्याच्या जाहिरातीत गुलाबी कपड्यातलं बाळ आहे, त्या बिल्डिंगमध्ये डॉक्टरला दूध काढायला जागा नाही. यासाठी अर्धा स्टार कापलाय, खरं तर एक कापायला हवा होता.

मग सरकारीत का नाही जात असं विचारणारे भेटतात. तिथूनच आलेय. रेसिडेन्सी सरकारी कॉलेजात झाली, सलग ३६ तासांच्या ड्युट्या, इमर्जन्सीच्या दिवशी एका बेडवर दोन आणि बेडखाली एक पेशंट. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी स्कीममध्ये लिहिलंय की सलग १२ तासांपेक्षा जास्त काम नको, आठवड्याला साधारण ४८ तास. हे आम्हाला तिसऱ्या वर्षी कळलं, तेही संपाच्या पत्रकातून. आता एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) टास्क फोर्सने २०२४ मध्ये आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तासांची शिफारस केलीये, म्हणजे मधल्या ३२ वर्षांत आपण ४८ वरून ७४ ला आलो आणि त्यालाही सुधारणा म्हणायचं, कारण प्रत्यक्षात त्याहून जास्तच करतात पोरं. पण शिकायला तिथे जे मिळतं ते इथे जन्मात मिळणार नाही, आणि एक समाधान असतं की समोरच्याला बिल येणार नाहीये. रेसिडेन्सीनंतर तिथेच लेक्चरर म्हणून थोडा काळ होते, १२० दिवसांच्या ऑर्डरवर. १२० दिवस झाले की एक ब्रेक, पुन्हा नवीन ऑर्डर, पगार ऑर्डरच्या मागून रांगत येणार. कायमस्वरूपी पोस्ट एमपीएससीतून, तिची जाहिरात निघेल तेव्हा निघेल. आणि वर काही झालं की बळी कोण, तर नांदेडला ऑक्टोबर २०२३ ला २४ तासांत २४ मृत्यू झाले, औषधं नाहीत माणसं नाहीत अशी ओरड झाली, आणि खासदार आले ते अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन संडास साफ करून घेऊन गेले. जागा भरायचं आणि औषधं घ्यायचं काम ज्यांचं, त्यांच्या हाती कोणी झाडू दिला नाही. म्हणजे तिथेही सही एकाची, किल्ल्या दुसऱ्याच्या, फक्त एसी नाही.

बाकी सुविधा पटापट. डॉक्टर्स लाउंज आहे, सोफा चांगला, तिथे बसायला वेळ नसतो. जेवण ठीक, गुरुवारची मिसळ घ्या, पनीर घेऊ नका. पार्किंग पेशंटकडून २० रुपये घेतात आणि आमच्याकडून नाही, हा एक निखळ फायदा. सॉफ्टवेअर भयानक: एका पेशंटची राउंड नोट लिहायला तीन स्क्रीन, प्रत्येक स्क्रीनवर परत पासवर्ड, एनएबीएचचं, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाचं, ऑडिट जवळ आलं की त्यात आणखी दोन फॉर्म. पेशंटशी पाच मिनिटं बोलायचं आणि कॉम्प्युटरशी आठ, असं सध्याचं प्रमाण आहे. पेशंट म्हणतात डॉक्टर आमच्याकडे बघतच नाहीत, खरंय, स्क्रीनकडे बघत असतो. मी आता आधी कॉम्प्युटरकडे पाठ करून तपासते, बोलते, आणि नोंदी नंतर, त्यामुळे घरी रोज उशीर, त्याचं बिल नवरा लावतो.

सहकारी: पाचपैकी पाच. खरंच. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड भागातून जीबीएसचे (नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) पेशंट एकामागून एक यायला लागले तेव्हा न्यूरो, आयसीयू, फिजिओ, सिस्टर्स, मामा, मावशी, कोणी घड्याळ बघितलं नाही. हातापायातली ताकद गेलेली, व्हेंटिलेटरवर पडलेली, फक्त डोळे हलवणारी माणसं, पाच दिवस रोज शिरेतून आयव्हीआयजी (अँटिबॉडीजचं औषध), आणि मग आठवडेच्या आठवडे वाट. एका पोराने पहिल्यांदा अंगठा हलवला तर आमच्या आयसीयूच्या मावशींनी स्वतःच्या पैशाने पेढे आणले. त्या काळात मीटिंगमध्ये आरपॉबचा बार आमचा उंच होता, आयव्हीआयजी महाग असतं ना. अभिनंदन झालं आमचं. त्या अभिनंदनाचं काय करायचं ते कोणालाच कळेना, सगळे टेबलाकडे बघत होते.

कोणासाठी बरी आहे ही नोकरी? ज्यांना स्वतःचं क्लिनिक काढायला भांडवल नाही, ज्यांना मोठ्या आयसीयूशिवाय करमत नाही, ज्यांना गुंतागुंतीच्या केसेस हव्यात आणि रेफरलसाठी गावोगावच्या जीपींना पाकिटं पाठवायची नाहीत, त्यांनी जरूर या. कट प्रॅक्टिसपासून, म्हणजे पेशंट पाठवण्याच्या कमिशनपासून, लांब राहता येतं, निदान आपल्या हाताने तरी करावी लागत नाही, हा माझ्या मते मोठा प्लस. ज्यांना आपलं म्हणणं चालावं असं वाटतं त्यांनी तालुक्याच्या गावी २० बेडचं स्वतःचं टाका, कर्ज होईल, झोप तिथेही मिळणार नाही, पण निदान डिस्चार्ज किती वाजता करायचा ते तुम्ही ठरवाल.

आणि येणारच असाल तर सही करण्यापूर्वी ऑफर लेटर रात्री घरी आणून वाचा, एचआरच्या टेबलावर नको. एमजी किती महिने ते लेखी घ्या, बाळंतपणात एमजीचं काय ते लेखी घ्या, रात्री एका आरएमओकडे किती बेड ते तरी निदान विचारा आणि उत्तर देताना समोरचा कुठे बघतो ते बघा. नोटीस पिरियड ३ महिने असतो, तो दोन्ही बाजूंनी सारखा आहे का तपासा, बऱ्याचदा त्यांच्यासाठी १ महिनाच असतो. शेवटच्या पानावर एक कलम सापडेल की नोकरी सोडल्यावर अमुक किलोमीटरच्या आत अमुक वर्षं प्रॅक्टिस करायची नाही. करार कायद्याच्या कलम २७ पुढे असलं बंधन कोर्टात टिकत नाही, त्यांच्या वकिलालाही माहीत असतं, तरी छापतात, घाबरणारे घाबरतात म्हणून. मी ते दोन्ही कॉपींवर पेनाने आडवं खोडलं आणि बाजूला छोटी सही केली. एचआरच्या मुलीने पान उलटून शिक्का मारला. तुम्हीही खोडा.